आधी दवाखान्याची पट्टी वाचा, मग पॉलिसीचं ठरवा

वाचकाचं पत्र

लातूरच्या मोंढ्यात एका अडत दुकानावर मी मुनीम आहे. घरात सहा जण: वडील ७१, आई ६४, मी, बायको आणि दोन लेकरं. रेशनकार्ड केशरी. जानेवारी २०२३ मध्ये सगळ्यांची मिळून तीन लाखांची फॅमिली फ्लोटर आरोग्य विमा पॉलिसी काढली. वडिलांना शुगर आहे. एजंटानं फॉर्मात ते लिहिलं होतं की नाही, आठवत नाही. मे महिन्यात वडील न्हाणीत घसरले, खुब्याचं हाड मोडलं. खासगी दवाखान्यात चार दिवस शरीक केलं. बिल १,८६,००० रुपये झालं, कंपनीनं दिले १,०८,८००. येत्या २० जानेवारीला नूतनीकरण आहे. गेल्या वर्षी जीएसटी धरून ४१,३०० भरले होते. यंदा जीएसटी माफ असूनही ४७,००० मागतात. पॉलिसी चालू ठेवू, की सोडून देऊन सरकारी कार्डावर राहू? दुकानावर यावरून रोज वाद होतो. मालक म्हणतात खासगी विमाच खरा. हमाल म्हणतात कार्ड पुरेसं आहे. गावाकडचे सोयरे म्हणतात, सरकारनं विम्यावर पैसा घालण्यापेक्षा दवाखाने सुधारावेत. बिल आणि सेटलमेंट लेटरचे फोटो सोबत पाठवतोय.

उत्तर

नमस्कार. ठेवू की सोडू, हे नंतर बघू. त्याआधी तुमचे ७७,२०० रुपये कुठं गेले ते बघायला हवं, कारण तेच छिद्र पुढच्या वर्षीही राहणार आहे. सेटलमेंट लेटर म्हणजे तुमच्या धंद्यातली पट्टीच. शेतकऱ्याच्या पट्टीत हमाली, तोलाई कुठं आणि किती कापली हे तुम्ही ओळीनं लिहिता, तसंच हे पत्रही ओळीनं वाचायचं असतं.

तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का आहे, म्हणजे रोज ३,०००. वडिलांना ठेवलं ५,००० च्या खोलीत. बहुतेकांना वाटतं की वरचे दोन हजार आपल्या खिशातून गेले, विषय संपला. तसं होत नाही. ३,००० ला ५,००० नं भागलं की ६० टक्के येतात, आणि कंपनी खोलीभाड्यासोबत डॉक्टर, सर्जन, भूल, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर या सगळ्यांचे ६० टक्केच धरते. याला ‘प्रपोर्शनेट डिडक्शन’ म्हणतात. तुमच्या बिलात खोलीभाडं २०,०००, त्यातले १२,००० धरले. सर्जन ते थिएटर मिळून ८०,०००, त्यातले ४८,००० धरले. औषधं, तपासण्या आणि खुब्यात बसवलेला इम्प्लांट मिळून ७६,०००, ते पूर्ण धरले. हातमोजे, मास्क, फाइल चार्ज असे १०,००० ‘नॉन पेएबल’ म्हणून गेले. झाले १,३६,०००. त्यावर वडिलांच्या वयामुळं २० टक्के को-पे (दाव्यातला आपण सोसायचा वाटा), म्हणजे २७,२००. उरले १,०८,८००. हिशेब जुळतो.

हेच वडील ३,००० च्या खोलीत राहिले असते तर बिल १,७८,००० झालं असतं, त्यातले १,६८,००० धरले गेले असते, को-पे ३३,६०० कापून १,३४,४०० मिळाले असते. खिशातून ७७,२०० ऐवजी ४३,६००. एसीच्या खोलीसाठी चार दिवसांत ३३,६०० रुपये जास्त गेले. भरती करताना काउंटरवर ‘कोणती रूम देऊ?’ असं विचारतात तेव्हा घाईत कुणी पॉलिसी उघडत नाही. म्हणून रोजच्या भाड्याचा आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर पेनानं मोठा लिहून ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर टाका.

यात तुमच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि अतिदक्षता विभागाच्या खर्चाला ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. तुमच्या प्रकरणात कंपनीनं ती लावलेली नाही, ठीक. पण ज्या दवाखान्यात खोलीनुसार बाकीचे दर बदलत नाहीत, तिथं सर्जनच्या फीवरही ही कपात चालत नाही. पॉलिसीच्या पुस्तिकेत ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’च्या व्याख्येजवळ ही ओळ शोधा. लहान दवाखान्यांत जनरल वॉर्ड असो की स्पेशल, सर्जनची फी बऱ्याचदा सारखीच असते. तुमच्या दवाखान्याचं दरपत्रक तसं असेल तर त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या: ‘आमच्याकडे खोलीच्या प्रकारानुसार शस्त्रक्रिया व डॉक्टर शुल्क बदलत नाही.’ ते पत्र, बिल आणि सेटलमेंट लेटर जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. मागायचे ३२,०००, पण को-पे कापून हातात येतील २५,६००. खोलीभाड्याचे ८,००० सोडून द्या, ते मिळणार नाहीत.

कंपनीनं नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपालाकडं जा. मराठवाड्यासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या नकारापासून एक वर्षाची मुदत असते आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात. त्याआधी विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार टाकली तर कंपनी अनेकदा तिथंच हलते. एजंटाशी फोनवर झालेल्या बोलण्याला मात्र काही किंमत नाही. सगळं ईमेलवर.

आता हप्ता. ४१,३०० मधला जीएसटी काढला तर मूळ हप्ता ३५,००० होता. तो ४७,००० झाला, म्हणजे वाढ १२,००० ची, ३४ टक्क्यांची. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, त्यामुळं आकडा जवळचा वाटतो, पण कर गेल्यावर जी सवलत हाती यायला हवी होती ती या वाढीनं गिळली. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या वयावर ठरतो आणि वडील सत्तरी ओलांडून पुढच्या टप्प्यात गेलेत. ज्येष्ठांच्या पॉलिसीत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त दरवाढ करायची तर नियामकाशी आधी सल्लामसलत करावी लागते, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. वयाचा टप्पा बदलल्यानं झालेली वाढ कंपन्या यापासून वेगळी धरतात. म्हणून लेखी विचारा: १२,००० पैकी वयामुळं किती, दरवाढीमुळं किती?

आमचा सल्ला असा की पॉलिसी सोडू नका, पण या रूपात ठेवूही नका. एका ७१ वर्षांच्या माणसाच्या वयानं तुमच्या लेकरांचाही हप्ता ठरतोय, आणि तीन लाख सहा जणांत वाटले जातायत. नूतनीकरणाआधी कंपनीकडं लेखी मागणी करा की वडिलांना वेगळ्या वैयक्तिक पॉलिसीत न्यावं आणि बाकी पाच जणांचा फ्लोटर राहू द्यावा. याला ‘मायग्रेशन’ म्हणतात. यात आजवरच्या तीन वर्षांची प्रतीक्षा (आधीपासूनच्या आजारांचे दावे मिळत नाहीत तो काळ) जमा धरली जाते. हे महत्त्वाचं का? जुन्या आजारांची प्रतीक्षा नियमानं आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे, आणि तुमचे ३६ महिने नेमके या जानेवारीत भरतात. शुगर आधीपासून जाहीर असेल तर तिच्यामुळं होणारे आजार आता कुठं छत्राखाली येतायत, आणि नेमकं तेव्हाच वडिलांना काढून टाकलं तर तीन वर्षांचे हप्ते पाण्यात. नंतर नव्यानं घ्यायची म्हटली तर पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी. कंपन्यांना किमान ६५ वर्षांपर्यंतच पॉलिसी देण्याचं बंधन होतं, ती वयाची रेघ एप्रिल २०२४ मध्ये गेली खरी, पण शुगर असलेल्या ७१ वर्षांच्या माणसाला हप्ता काय लावतील ते विचारूनच बघा.

दुसऱ्या कंपनीत जायचं असेल तर अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी, म्हणजे ६ डिसेंबरपर्यंत द्यायला हवा. नवी कंपनी ज्येष्ठांना नाकारू शकते, म्हणून तिची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय जुनी सोडायची नाही. राहिलेल्या फ्लोटरला खोलीभाड्याची मर्यादा नसलेली योजना बघा. विमा रक्कम मोठी पण १ टक्क्याचं कलम तसंच, असली पॉलिसी कागदावर जाड दिसते. ‘आरोग्य संजीवनी’ ही सगळ्या कंपन्यांत सारखी असलेली साधी योजना वडिलांसाठी विचारात घेण्यासारखी आहे: को-पे फक्त ५ टक्के, खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण रोज ५,००० च्या वर नाही, आयसीयू १०,००० पर्यंत. मोतीबिंदूला एका डोळ्याला जास्तीत जास्त ४०,०००.

शुगरच्या त्या फॉर्मचं मात्र आजच बघा. प्रस्तावपत्राची प्रत पॉलिसीसोबत येते, नसेल तर कंपनीकडून मागवा. ‘मधुमेह’ या रकान्यापुढं ‘नाही’ असेल तर कंपनीला लेखी कळवा. हप्ता वाढेल, नव्यानं प्रतीक्षा लावतील, कदाचित पॉलिसी रद्द करण्याची भाषाही होईल. तरीही आयसीयूच्या दारात हे निघण्यापेक्षा आता निघालेलं परवडतं. सलग ६० महिने झाले की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला या कारणावरून दावा नाकारता येत नाही. तुमचे ६० महिने जानेवारी २०२८ ला होतील. आणि दवाखान्यात ज्युनियर डॉक्टर इतिहास लिहून घेतात तेव्हा ‘शुगर कधीपासून?’ या प्रश्नाला आपण सहज म्हणतो, ‘झाली की लई वर्षं.’ तो लिहितो, ‘मधुमेह १० वर्षांपासून.’ खरी चार वर्षं असली तरी दाव्याच्या टेबलावर ती एक ओळ पुरते. पहिल्या निदानाचा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा आणि वर्ष नेमकं सांगा. डिस्चार्ज कार्ड घेताना ही ओळ वाचूनच सही करा.

सरकारी कार्डाकडं येऊ. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झाली, पहिल्या टप्प्यातल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि २०२४ पासून रेशनकार्डाचा रंग कोणताही असला तरी चालतं. त्याशिवाय ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून. उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी मिळतं. वडिलांचं ते काढा. फक्त आधार लागतं.

इथंच आपल्याकडं एक गोम निघते. जुन्या माणसांच्या आधारवर जन्मतारीख अंदाजानं टाकलेली असते, अर्ध्या गावाची १ जानेवारी. माणूस ७१ चा, आधार ६८ सांगतं. कार्ड आधारवरच्या वयानं बनतं. दुसरी गोम नावाची: रेशनकार्डावर ‘पांडूरंग’, आधारवर ‘पांडुरंग’, तेवढ्यावर ई-केवायसी अडतं. बोटांचे ठसे झिजलेले असले तर आधारला जोडलेल्या मोबाइलवरच्या ओटीपीनं किंवा चेहऱ्यावरून होतं, फक्त तो मोबाइल चालू हवा. ही कामं आजारपण नसताना करायची. रेशनकार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांकही लिहून ठेवा.

मे महिन्यात हे कार्ड असतं तर खुब्याचं ऑपरेशन त्यातून झालं असतं का? बहुधा हो, पण योजनेतल्या दवाखान्यात. दवाखाना योजनेत आहे एवढं पुरत नाही, कोणत्या विभागासाठी आहे ते बघायचं. हृदयासाठी घेतलेल्या दवाखान्यात हाडाचं होईलच असं नाही, आणि काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. रिसेप्शनवर ‘योजनेत बेड नाही’ म्हणाले तर आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, शोधा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचं टेबल असतं. तातडीच्या वेळी फोनवरून मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद नंतर. भरती झाल्यावर पैसे मागितले तर पावतीशिवाय रुपयाही देऊ नका आणि १५५३८८ वर तिथूनच फोन लावा. पावती नसेल तर पुढं काहीच सिद्ध होत नाही.

आणि एकच माणूस एकाच भरतीसाठी दोन्ही वापरू शकत नाही असं धरून चला, निवड दारातच करा. आधी ठरलेली आणि योजनेच्या पॅकेजमध्ये (ठरलेल्या दराच्या उपचारांच्या यादीत) बसणारी शस्त्रक्रिया असेल तर कार्ड. रात्री दोनला जवळचा दवाखाना योजनेत नसेल, तर पॉलिसी. कॅशलेस विनंतीवर कंपनीनं एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर द्यायचं, असा नियम २०२४ पासून आहे. तीन तास उलटल्यामुळं दवाखान्यानं जादा दिवस लावला तर तो खर्च कंपनीचा. विनंती किती वाजता गेली ती वेळ लिहून घ्या.

दुकानावरच्या वादाबद्दल. मालक आणि हमाल दोघंही दवाखान्यात शरीक झाल्यावरचं बोलतायत. वडिलांची शुगर-बीपीची गोळी, दर तीन महिन्यांची तपासणी, यातलं काही ना कार्डात ना तुमच्या पॉलिसीत. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के भाग लोक थेट खिशातून देतात, हा २०२१-२२ चा सरकारी हिशेब. आधीच्या दशकाच्या मानानं कमी, तरी पाचातले दोन रुपये. हे रुपये विम्यानं कमी होत नाहीत, चालू असलेल्या प्राथमिक आरोग्य केंद्रानं होतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची अ‍ॅम्लोडिपिन तिथं मिळायला हवी. नसेल तेव्हा जनऔषधी केंद्र. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं, म्हणजे संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर-नांदेडची शासकीय महाविद्यालयं, वेगळ्या खात्याची आहेत, तिथं शुल्क लागू शकतं. माणसं ‘सरकारी म्हणजे फुकट’ म्हणत जातात आणि काउंटरवर भांडतात.

सोयऱ्यांचं म्हणणं आम्हाला जास्त पटतं, पण अर्धवट. कळंबच्या किंवा किनवटच्या माणसाच्या हाती पाच लाखांचं कार्ड दिलं तरी न्यूरोसर्जन लातूर, नांदेड नाहीतर संभाजीनगरलाच भेटणार. जीपभाडं, सोबतच्या माणसाची खानावळ आणि बुडालेला रोज कार्डात बसत नाही. उलट दवाखान्यांची तक्रार असते की पॅकेजचे दर कमी आणि पैसे उशिरा येतात, आणि त्यात तथ्य आहे. त्याचा राग रुग्णाच्या बेडवर निघतो, हे मात्र मान्य नाही.

राहिलेला अर्धा भाग दरांचा. विमा नियामक कंपनीला तासांचं बंधन घालू शकतो, दवाखान्याच्या बिलाला हात लावू शकत नाही. दर ठरवण्याची तरतूद केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखालच्या नियमांत आहे, पण तो महाराष्ट्रानं स्वीकारलेला नाही. २०१७ मध्ये हृदयाच्या नळीत बसवायच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली आणि त्या खरोखर उतरल्या. पण २०१८ मध्ये औषध किंमत प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली तर औषधं आणि किरकोळ साहित्यावरचा नफा काही ठिकाणी १,७३७ टक्क्यांपर्यंत निघाला. एका वस्तूचा भाव बांधला की फुगवटा शेजारच्या ओळीत जातो. तुमच्या बिलातले ते १०,००० चे हातमोजे आठवा. दर मोकळे ठेवून फक्त विमा वाढवला तर दावे फुगतात आणि पुढच्या जानेवारीत हप्त्यात उतरतात. म्हणून आमच्या मते सुधारणेचा क्रम आधी बांधलेलं दरपत्रक, मग भरलेल्या जागांचं उपजिल्हा रुग्णालय आणि त्यानंतर विम्याची रक्कम, असा हवा. आज तो उलटा चाललाय. दरपत्रक दर्शनी भागात लावणं राज्याच्या २०२१ च्या नियमांनी नर्सिंग होमला बंधनकारक आहे. पुढच्या वेळी भरती करताना ते मागा.

एवढं केल्यावरही अडलं तर धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना निम्म्या दरात असतात. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,०००. तहसीलदाराचा दाखला लागतो, तो चार दिवसांत मिळत नाही, आधीच काढून ठेवा.

हप्ता २० जानेवारीच्या आत भरा. पुढं ३० दिवसांची सवलत असते, पण ती फक्त पॉलिसी जिवंत ठेवण्यासाठी. वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत त्या मधल्या दिवसांत कुणी शरीक झालं तर दावा बसत नाही. सोयाबीनचा हंगाम उतरून दुकानात उधारी अडकलेली असते तेव्हाच तुमची तारीख येते, म्हणून दिवाळीच्या बोनसमधून वेगळे काढा. आणि रोख भरू नका: आयकराच्या जुन्या करपद्धतीत असाल तर ८०डी कलमाखाली आईवडिलांच्या हप्त्याची ५०,००० पर्यंत आणि तुमच्या कुटुंबाची २५,००० पर्यंत वजावट मिळते, ती रोखीनं भरलेल्या हप्त्याला मिळत नाही.